मयताचं काम

बॉम्बच्या जखमेचा रंग करायला कोकमाचं आगळ, ग्लिसरीन आणि चिमूटभर काजळी लागते. नुसतं कुंकू कालवलं तर उन्हात ते गुलाबी दिसतं आणि जखमी माणूस रंगपंचमी खेळून आल्यासारखा वाटतो. उघड्या मांसासाठी मेण आणि मैदा. हे सगळं मी नौपाड्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात, आमटी उतरवल्यावर त्याच शेगडीवर शिकले. पुढेपुढे त्या वासाने मला माझंच जेवण जाईनासं झालं.

माझं नाव मंदाकिनी. बरीच वर्षं मी सर्जिकल वॉर्डात नर्स होते. रुग्ण उचलून उचलून कंबर गेली तेव्हा नोकरी सोडली. घरी बसून कंटाळले होते, तेवढ्यात कुंडलिक सरमळकर भेटले. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. मिशा पिळलेल्या, शर्टाला कडक इस्त्री, गळ्यात कायम शिट्टी. त्र्याण्णवच्या बॉम्बस्फोटांनंतर बसवाले, ट्रकवाले, टँकरवाले सगळेच हादरले होते. आपल्या माणसांना काहीतरी शिकवलं पाहिजे असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण कसं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सरमळकरांनी ते ओळखलं आणि नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर ऑफिस थाटलं.

ते अशा कंपन्यांकडून कंत्राट घ्यायचे. ड्रायव्हर, कंडक्टर आणि वॉचमन यांना शिकवायचं: बेवारस बॅग कशी ओळखायची, बस कशी रिकामी करायची, आग लागली तर पहिल्यांदा काय करायचं. प्रथमोपचाराचा भाग माझ्याकडे. शेवटी कंपनीच्या आवारात एक मोठा सराव व्हायचा. धुराचे डबे फोडायचे, भोंगा वाजवायचा, खोटे जखमी आणि खोटे मयत पसरून ठेवायचे आणि शिकलेल्या माणसांनी त्यांना उचलायचं. सरमळकरांनी एक लांब शिट्टी मारली की सराव संपला. मग मयत उठायचे, कपडे झटकायचे आणि वडापाव खायचे.

पाहुणे म्हणून कंपनीचे साहेब लोक यायचे. ते मांडवात खुर्च्यांवर बसून काजू खात जखमी बघायचे. "काय हुबेहूब आहे हो!" म्हणायचे. एकदा माजिवड्याच्या ट्रक टर्मिनसवर सरमळकरांनी सकाळीच मटणाच्या दुकानातून बकऱ्याची आतडी आणली. पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "सिस्टर, ही त्या पोट फुटलेल्याच्या अंगावर ठेवा. मेणाला ती मजा नाही." मी ठेवली. माश्या आल्या. मांडवात टाळ्या पडल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी हात इतके घासले की बोटांची सालं निघाली.

धाकू आमच्याकडे आला तो माजिवड्याच्या सरावाच्या वेळीच. आधी आम्ही कॉलेजची मुलं आणायचो, पण ती मेल्यावरही हसायची. म्हणून सरमळकरांनी कोलशेतच्या कोळीवाड्यातून माणसं बोलावली. तिथल्या पुरुषांना तेव्हा काम नव्हतं. कारखान्यांचं पाणी सुटून सुटून खाडी काळी पडली होती. जाळ्यात फेस यायचा, आणि आलाच एखादा मासा तर कढईत टाकल्यावर त्याला घासलेटचा वास यायचा. होड्या चिखलात आडव्या पडलेल्या.

धाकू साठीचा असेल. खांदे अजून वल्ही मारणाऱ्याचे, पाय मात्र काटक्या. मी त्याला भाजलेला करणार होते, पण भाजलेल्यांना ओरडत पळायचं असायचं. तो संकोचून म्हणाला, "बाय, मना पलवत नाय. गुडघं गेलं. मना मेलेला करा."

मी त्याला एका ट्रकच्या चाकापाशी निजवलं. माझी एक पद्धत होती. एक हात सरळ करायचा, तोंड एका बाजूला वळवायचं, तळव्याने डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, आता हलायचं नाही." धाकूला तसंच म्हटलं, आणि तो हलला नाही.

म्हणजे अजिबातच नाही. धूर झाला, भोंगा वाजला, शेजारी लोक किंचाळत होते. आतड्यांवरच्या माश्यांतली एक उडून त्याच्या ओठावर बसली, नाकपुडीत शिरली, बाहेर आली. ओठ थरथरलासुद्धा नाही. मला राहवेना. जाऊन मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागेना. मानेपाशी शोधली तेव्हा कुठे एक ठोका लागला. दुसरा येईपर्यंत मी घड्याळाकडे बघत राहिले.

शिट्टी झाली. धाकू सगळ्यांच्या मागून, सावकाश उठून बसला.

"याला म्हणतात मयत!" सरमळकर खुशीत येऊन म्हणाले. "बघा रे, शिका जरा!"

धाकूने वडापाव खाल्ला नाही. शेजारच्याला देऊन टाकला.

काही लोकांची नाडी मुळातच मंद असते. वल्ही मारणाऱ्यांची तर असतेच. मी तसं स्वतःला समजावलं आणि ते मला पटलंही. पुढच्या प्रत्येक सरावाला सरमळकर धाकूला आवर्जून बोलवायला लागले. भिवंडी रस्त्यावरचं गोदाम, कल्याणमधली एक खासगी बस कंपनी. धाकू सगळीकडे मेला. आणि प्रत्येक वेळी त्याला परत यायला थोडा जास्त वेळ लागला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत वायुगळतीचा सराव होता. तिथली हवा तशीही नाकाला झोंबायची, गटारातून हिरवट पाणी वाहायचं. धाकू पालथा पडलेला मयत होता. शिट्टीनंतर तो उठेना, म्हणून मी त्याला उताणं केलं. त्याचा सदरा वर सरकला. पोटावर, छातीवर, जमिनीच्या बाजूच्या सगळ्या भागावर जांभळे-तांबडे डाग होते. मी अंगठ्याने दाबून बघितलं. जिवंत माणसाचा डाग दाबला की पांढरा पडतो. हा पडला नाही.

असे डाग मी वॉर्डात पाहिले होते. रात्री कधीतरी गेलेल्या माणसाला सकाळी हलवताना दिसतात ते. रक्त खाली उतरून बसतं.

त्याने डोळे उघडले. माझा हात अजून त्याच्या पोटावर होता. पोट थंड होतं, आणि अंगाला वास येत होता. घामाचा नव्हे. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाचा.

"धाकूदादा, तुम्ही कुठे असता हो इतका वेळ?" मी हसत विचारलं. हसू नीट आलं नाही.

त्याने मात्र सरळ सांगितलं, बाजारात जाऊन आल्यासारखं. "तिथं खाडी हाय, बाय. आपलीच. पन पानी कसा सफा! तल दिसतं. माजा बापूस हाय, आमच्या आलीतली समदी जुनी मानसं हायत. निजलेत."

"निजलेत?"

"हां. शिटी वाजली का कूस बदलतात."

मी त्याच दिवशी सरमळकरांना सांगितलं, की या माणसाला पुन्हा आणायचं नाही. याला काहीतरी मोठा आजार आहे, आधी तपासून घेऊ. ते टॅक्सीच्या आरशात बघून मिशी नीट करत होते. "सिस्टर, तो खुशीने येतो. आणि कोलशेतच्या टँकर कंपनीचं काम तोंडावर आलंय. ते साधलं तर त्या कंपनीच्या राज्यभरच्या डेपोंचं कंत्राट आपल्याला. अशा वेळी माझा हुकमी मयत काढून घेता?"

मग धाकूची बायको आवडाबाई ऑफिसात आली. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात सुकलेली अबोली. खुर्चीवर बसली नाही. दातांच्या दवाखान्यातून मशीनचा आवाज येत होता. ती सरमळकरांना म्हणाली, "साहेब, आमच्या म्हाताऱ्याला बोलवू नका. त्यो जेवत नाय. दिवसा बी ओटीवर मेल्यावानी पडतं. मी हाक मारते त आयकत नाय, तुमच्या शिटीची वाट बगतं. घरात वास येतो, साहेब."

"मावशी, आम्ही कुठे जबरदस्ती करतो? त्याला नको म्हणायला सांगा."

"त्यो नको म्हनत नाय, हेच तर."

सरमळकरांनी तिच्यासाठी चहा मागवला. ती गेल्यावर खिडकी उघडली आणि म्हणाले, "काय मासळीचा वास मारतो या लोकांना!" मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी किळस आली, की टेबलावरचा तो चहा त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतावासा वाटला. मी काहीच केलं नाही. कोलशेतचा सराव झाला की हे काम सोडायचं, एवढं मनाशी ठरवलं.

कोलशेतचं टँकरचं आवार खाडीला लागून होतं. कुंपणापलीकडे चिखल, तिवरांची मेलेली खोडं आणि मग तो काळा पाट. दुपारची ओहोटी होती. मांडव मोठा, साहेब लोक मुंबईहून आलेले, मागे जेवणाची पातेली उकळत होती. या वेळी खरा डॉक्टरही बोलावला होता, जवळच्याच दवाखान्यातला, अगदी तरुण. त्याने जखमी तपासून कोणाला आधी न्यायचं ते ठरवायचं होतं.

धाकू कुंपणाजवळ उभा होता. मी त्याच्या दंडावर मेणाची जखम चिकटवली. त्याचा दंड शाडूसारखा लागला.

"दादा, आज नका पडू. मी सांगते साहेबांना."

"पडू दे, बाय," तो विनवणी करत म्हणाला. "आज पोचतो मी."

त्याने स्वतःच अंग टाकलं. मी हात सरळ केला, तोंड वळवलं, डोळे मिटले. "आता हलायचं नाही" एवढं मात्र म्हटलं नाही.

भोंगा झाला. धूर सुटला. ड्रायव्हर लोकांनी शिकवल्याप्रमाणे टँकरभोवती दोर बांधला, स्ट्रेचर पळवले. सगळं उत्तम चाललं होतं. डॉक्टर एकेका जखमीपाशी वाकत, थोडं हसत पुढे येत होता. धाकूपाशीही तो हसतच वाकला.

मग त्याने स्टेथोस्कोप लावला. काढला, फुंकला, पुन्हा लावला.

"सिस्टर," त्याने मला हाक मारली. "हा माणूस गेलाय."

मांडवातल्या एका साहेबाने ते ऐकलं. "डॉक्टर, तेच तर त्याचं काम आहे!" सगळे हसले.

मी गुडघ्यावर बसले. धाकूचा जबडा घट्ट बसला होता. एक पापणी अर्धी उघडी होती आणि बुबुळावर धूळ साचली होती. एक माशी त्याच्या कानात गेली. मी वाट पाहिली. ती बाहेर आली नाही.

या वेळी मानेपाशी एकही ठोका नव्हता.

मी उठून सरमळकरांकडे गेले. "साहेब, थांबवा. तो खरंच गेलाय. आता शिट्टी मारू नका."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, धाकूकडे पाहिलं. राज्यभरचं कंत्राट त्या चिखलाच्या कडेला मरून पडलं होतं.

"नाटक करतोय," ते म्हणाले, आणि शिट्टी तोंडात धरली.

लांब शिट्टी. बाकीचे उठले, कपडे झटकू लागले.

धाकू उठला नाही.

पुन्हा शिट्टी. मग पुन्हा. "उठ! धाकू, उठतोस की नाही?" त्यांच्या कपाळावरच्या शिरा तटतटल्या. ते त्याच्या डोक्याशी उभे राहून फुंकत होते, थुंकी उडत होती. मी त्यांचा हात ओढला. त्यांनी मला ढकललं.

तिवरांवरचे कावळे एकदम उठले.

मी खाडीकडे पाहिलं. चिखलावर बुडबुडे येत होते. एका ठिकाणी नव्हे. नजर जाईल तिथवर, सगळ्या काठाने, मोठे, संथ.

शिट्टी चालूच होती.

धाकूचा हात हलला.

तो उठून बसला. तोंड उघडलं आणि आतून काळं पाणी छातीवर ओघळलं. मग तो उभा राहिला.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी "वा, वा!" म्हणालं. तरुण डॉक्टर फाटकापर्यंत चालत गेला आणि तिथे भिंतीला धरून ओकला. तो परत आला नाही.

मी धाकूला नळावर नेलं. ओल्या बोळ्याने दंडावरचं मेण काढायला गेले. मेणाबरोबर कातडीही निघाली, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी, सहज. खाली रक्त नव्हतं. त्याने हात मागे घेतला नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिला.

"मी पोचलो व्हतो, बाय," तो म्हणाला. "मना का उठवला?"

मागे जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. पुलाव, श्रीखंड. सरमळकर साहेबांना आग्रह करत होते. मी माझी पेटी तिथेच टाकली आणि चालत माजिवड्यापर्यंत आले. कंत्राट सरमळकरांनाच मिळालं. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, मी गेले नाही. पुढे त्यांनी ऑफिस मोठ्या जागेत नेल्याचं ऐकलं.

पाऊस सरल्यावर एका सकाळी आवडाबाई माझ्या दारात उभी राहिली. पत्ता दातांच्या दवाखान्यातून काढला होता. खूप वाळली होती. "बाय, चल," एवढंच म्हणाली. आम्ही रिक्षाने कोलशेतला गेलो.

तिच्या घराचं दार बंद होतं आणि दारावर माश्यांचा थर होता. तिने कडी काढली. मी पदर नाकाला लावला. वॉर्डात सडलेले पाय मी धुतले आहेत. जळालेली, पू झालेली माणसं उलथीपालथी केली आहेत. तरी मी उंबऱ्यातच थांबले.

धाकू भिंतीला टेकून बसला होता. अंगावर पांढरट खरपुडी होती. आधी मला बुरशी वाटली. नीट पाहिलं तर मीठ होतं.

"रोज लावते," आवडाबाई म्हणाली. "दुसरा काय करू? इरघलत चाल्लाय. मासली टिकवतात तसा टिकवते."

त्याने मान वळवली. मानेतून ओल्या दोरीसारखा आवाज आला. डोळ्यांच्या जागी काय होतं ते मी सांगणार नाही. पण तो मला ओळखत होता.

"पडवत नाय," आवडाबाई रडत म्हणाली. "आडवा होतो आन् परत उठतो. निजच नाय त्याला. तूच निजवायचीस ना, बाय? तुज्या हातानं निजायचा. निजव त्याला."

मी पदर सोडला. त्याच्याजवळ बसले, खांद्याला धरलं आणि त्याला हळूहळू जमिनीवर आडवं केलं. हाताखाली काहीतरी सरकलं, तरी मी हात काढला नाही. त्याचा एक हात सरळ केला. तोंड खाडीच्या बाजूला वळवलं. डोळ्यांवर तळवा ठेवला. मी म्हटलं, "धाकूदादा, आता हलायचं नाही."

त्याच्या छातीतून एक लांब हवा बाहेर आली. त्यानंतर काही नाही.

आम्ही दोघी बराच वेळ वाट बघत बसलो. मग आवडाबाईने हंबरडा फोडला, आणि आळीतली माणसं आली. कोणी काही विचारलं नाही. इतक्या वाईट अवस्थेतलं मयत, पण कोणी नाकसुद्धा धरलं नाही. तासाभरात त्याला नेलं. मला हायसं वाटलं. किळस होती, पण तिच्याखाली कुठेतरी बरंही वाटलं. चला, एक माणूस सुटला.

मी हात धुऊन रस्त्याकडे निघाले. टळटळीत दुपार होती. कोळीवाड्यात दिवसा घरांची दारं कधी लावत नाहीत. पण त्या आळीत दोन्ही बाजूंची दारं लावलेली होती. फटींतून उदाचा धूर येत होता. मी पावलं उचलली.

मागून कोणीतरी हाक मारली. एक म्हातारी आपल्या दारातून बाहेर येऊन माझ्याकडे झपाझप येत होती. आवडाबाईच्या शेजारची रंगूबाई. मघाशी तिनेच धाकूच्या अंगावर पांढरं कापड घातलं होतं. जवळ येऊन तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाय, आमच्याकडंबी येशील?"

"कोण आजारी आहे?"

"आजारी नाय. सासरा हाय. त्या शिटीच्या दिशी आला." तिने बंद दाराकडे एकदा वळून पाहिलं आणि घरातलं काही लाजिरवाणं सांगावं तसा आवाज खाली आणला. "दरसाल पितरांच्या म्हालाला त्याचा पान काढतो आमी. मीच निजवला असता, बाय. पन त्याला जालला व्हता ना, धरू कुटं तेच कलत नाय."